बाबलचा माड

“तिचो घाव पडल्याबिगर मी चढूचंय नाय,” असं म्हणून माडांवर चढून नारळ उतरवणाऱ्या भिकू पाडेल्यानं कमरेची आकडी सोडली आणि कोयत्यासकट खळ्याच्या कडेवर ठेवून दिली.

सकाळचे आठ वाजले होते. आभाळ काळं नव्हतं, पिवळट होतं, आणि तेच मला आवडत नव्हतं. पंचायतीची रिक्षा भोंगा लावून दोनदा फिरून गेली होती. वादळ संध्याकाळी आमच्या किनाऱ्याजवळून जाणार, होड्या वर ओढा, कच्च्या घरांतल्या लोकांनी शाळेत यावं. भिकूच्या अंदाजानं दुपारी दोनपर्यंत माणूस माडावर टिकला असता, त्यापुढे नाही. आणि हा माड उतरवायला कमीत कमी तीन तास हवे होते.

“तिचो” म्हणजे माझ्या आईचा घाव. ती त्या माडाच्या बुंध्याला पाठ लावून उभी होती. हातात सूप होतं. तांदूळ निवडता निवडता ती घरातून उठून आली होती आणि भिकूला बघून सूप खाली ठेवायचं विसरली होती.

“आये, बाजूक हो,” मी म्हटलं.

“नाय.”

“आये, भिकूदादाक दुसरी कामां असत.”

“मगे जाऊ दे तेका.”

आमच्या खाजणवाडीत मुलगा झाला की बाराव्या दिवशी परसात नारळाचं रोप लावायचं आणि त्याची नाळ त्या खड्ड्यात पुरायची. मग तो त्याचा माड. त्याचं पहिलं शहाळं त्यानंच प्यायचं, त्याच्या लग्नातला नारळ त्याच माडाचा. आणि असा माड तोडायची पाळी आलीच, तर ज्या हातानं तो लावला त्या हाताचा पहिला घाव पडायला हवा. तो पडल्याशिवाय वाडीतला कुठलाही पाडेली त्याच्या खोडाला कोयता लावत नाही. लोक म्हणतात, नाहीतर माडाचं मरण माणसावर येतं. मी बारावी शिकलेली बाई, रोपांची लॅटिन नावंसुद्धा थोडीफार ठाऊक असलेली. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण भिकूचा होता, आणि माडावर भिकू चढणार होता, मी नाही.

मुली झाल्या की काही लावत नसत. मुलगी दुसऱ्याच्या घरी जायची, तिचा माड इथं ठेवून करायचाय काय! मी तर जाऊन परत आलेली. नवऱ्याशी पटलं नाही, तीन वर्षांपूर्वी एक बॅग घेऊन माघारी आले. वाडीनं माझं नाव ‘परत इलेली वैजू’ ठेवलं आणि मी गोठ्यामागे पिशव्या भरून रोपांची नर्सरी सुरू केली. घर बाबलचं, म्हणजे माझ्या दादाचं. परस त्याचं. परसातला सगळ्यात उंच, सगळ्यात गोड खोबऱ्याचा माडही त्याचाच. मी पाणी घालणारी.

आता हा माड कसा वाकला, तेही सांगायला हवं.

आमच्या परसाच्या समुद्राकडच्या बाजूला केवड्याचं बन होतं. माझ्या आज्याच्या आधीपासूनचं. काटेरी, दाट, सापांचं म्हणून आम्हाला लहानपणी तिकडे फिरकू द्यायचे नाहीत. त्या केवड्याच्या मुळांनी आमची वाळू धरून ठेवली होती. दोन वर्षांपूर्वी दादाच्या डोक्यात पर्यटकांसाठी खोल्या बांधायचं आलं. पर्यटकांना म्हणे अंथरुणातून समुद्र दिसायला लागतो. त्यानं एका सकाळी जेसीबी आणून अर्ध्या दिवसात केवडा मुळासकट उपटला. मी आडवी गेले तेव्हा म्हणाला, “तुज्या नर्सरीत लाव मगे आणखी दहा.” खोल्या चौथऱ्यापर्यंत आल्या आणि राहिल्या, आणि दादा एका ट्रॉलरवर इंजिन सांभाळायला निघून गेला. पुढच्या दोन पावसाळ्यांत वाळू सरकली. समुद्राकडची मुळं उघडी पडली आणि माड हळूहळू उलट दिशेला, दोन परसांमधल्या दगडी गडग्यापलीकडे, शेजारच्या पास्कूकाकांच्या घरावर कलला.

पास्कूकाका घरात होते. वीस दिवसांपूर्वी न्हाणीत पडून त्यांचं मांडीचं हाड मोडलं होतं. पाय खाटेच्या लोखंडी चौकटीला वजन बांधून टांगलेला, आणि डॉक्टरनं बजावलेलं, महिनाभर खाट हलवायची नाही. घर दोन खोल्यांचं, वर कौलं. वादळातला वारा आधी दक्षिणेकडून येतो आणि मग फिरून समुद्राकडचा होतो. तो फिरला की आमचा माड सरळ त्यांच्या खाटेवर येणार, हे कळायला कुणा शास्त्रज्ञाची गरज नव्हती. आदल्या दिवशीच भिकूनं त्याचे नारळ उतरवले होते, चुडतं छाटून शेंडा हलका केला होता. तरी आज सकाळी मी बघितलं तर बुंध्याशी जमिनीला बोटभर रुंद भेग पडली होती. वाऱ्याची झुळूक आली की भेग उघडायची, गेली की मिटायची.

पण दादा समुद्रात होता. चार दिवस झाले होते. परवापासून त्याचा फोन लागत नव्हता.

“माझो झिल दर्यात असा,” आई म्हणाली, “आणि तू तेचो माड तोडूक सांगतंस?”

मी म्हटलं, “दादा दर्यात असा, माड परसात असा. ह्येचा तेका काय कळतला?”

“तुका नाय कळाचा.”

“आणि पास्कूकाका? तो कोणाचो झिल नाय?”

आईनं माडाला जरा जास्तच टेकून घेतलं.

भिकूनं विडी काढली, वाऱ्यात तीन काड्या फुकट घालवल्या आणि विडी परत खिशात ठेवली. “दहापर्यंत थांबतंय,” तो मला हळूच म्हणाला. “मगे माका माझ्या घरावर चिरे ठेवूचे असत.”

मी कामाला लागले, कारण नुसतं उभं राहून मला वेड लागलं असतं. रोपांच्या पिशव्या गोठ्यात नेल्या आणि भिंतीला लावून आडव्या निजवल्या. कोकमाची, उंडीची, सुरंगीची, आणि उपटलेल्या बनातून मी वाचवून ठेवलेल्या केवड्याच्या फुटव्यांची. केळींची पानं सपासप कापली, नुसते खांब ठेवले. पान गेलं तर येतं, केळ मुळातून गेली तर जाते. फणसाच्या दोन फांद्या उतरवल्या. प्रत्येक खेपेला परतताना मी त्या भेगेकडे बघत होते आणि प्रत्येक खेपेला ती मला मोठी वाटत होती.

एका खेपेला गडग्यापलीकडे नातालीनकाकी दिसली, पास्कूकाकांची बायको. सत्तरीची बाई, सुकलेले कपडे काढत होती. तिनं मान वर करून माडाकडे बघितलं, मग माझ्या आईकडे बघितलं.

“बाबलचो फोन इलो?” तिनं विचारलं.

“नाय गे काकी.”

“येतलो,” ती देवाला हात जोडून म्हणाली. “सायबान राखूक होयो.”

एवढंच. माडाचं तिनं नावसुद्धा काढलं नाही. भांडली असती, शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. चाळीस वर्षांची शेजारीण, नाताळात आमच्याकडे नेवऱ्या पाठवणारी. आईच्या पोराचा जीव माडात आहे म्हणून आपल्या नवऱ्याच्या जिवाचं ती बोलत नव्हती. मला लाज वाटली आणि रागही आला, आणि तो सगळा राग मी आईवर काढायला गेले.

तो माड मला कधीच आवडला नव्हता, हे इथं कबूल करते. नऊ वर्षांची असताना दादानं मला त्याचं शहाळं दिलं नाही. “माझो माड, माझा शहाळां,” म्हणून एकट्यानं प्यायला आणि वर वाकुल्या दाखवल्या. मी बापाच्या पेटीतला चार इंची खिळा आणला आणि दगडानं त्या माडात ठोकला. पार आत. आईनं बघितलं तेव्हा तिनं मला जी थोबाडीत मारली, तशी आयुष्यात ना आधी मारली ना नंतर. मग पक्कड आणून तिनं तो खिळा उपसला आणि भोकात हळद भरली. हो, हळद, माणसाच्या जखमेला भरतात तशी. त्या संध्याकाळी मला ताप भरला आणि आई भिंतीला टेकून माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं, हिला माझा किती हा राग! एका माडापायी! तेव्हापासून माझ्या मनात पक्कं बसलं होतं की ह्या घरात आधी दादा, मग दादाचा माड, मग गाय, आणि मग मी.

“तुका तेचोच जीव,” मी आईसमोर उभी राहून म्हटलं. “सगळ्या जन्मात तुका तेचोच जीव. तेना केवडो उपटल्यान तेवा तू गप रवलंस. आता तेच्या करणीन शेजाऱ्याचो जीव जातलो तरी तू गप. माझ्यासाठी एक रोप लावलंस कधी?”

आईनं माझ्याकडे बघितलं. तिचे ओठ हलले. सुपातले तांदूळ वाऱ्यानं उडून मातीत पडत होते. ती काही बोलणार एवढ्यात पडवीत माझा फोन वाजला.

दहाला दहा मिनिटं होती. दादा होता.

“आमी जयगडच्या खाडीत इलाव,” तो ओरडून बोलत होता. मागे इंजिनाचा आणि माणसांचा गलका. “नांगर टाकलो, दोर बांधले. सगळे बरे असाव. आयेक सांग!”

मी फोन आईच्या कानाला लावला. सूप तिच्या हातातून पडलं. ती नुसती “बाबल, बाबल” करत राहिली आणि तो पलीकडून हुकूम सोडत राहिला: पत्र्यावर चिरे ठेवा, गाय सोडून ठेवा, पंप वर घ्या. उंटावरून शेळ्या हाकायची सवय त्याची जुनीच. शेवटी हसला आणि म्हणाला, “आणि माझो माड बघा हां! माझो माड असा तोपर्यंत माका काय होऊचा नाय.”

फोन कट झाला. पुन्हा लागला नाही.

मी देवाला हात जोडले, खरोखर जोडले. रडूही आलं. कितीही झालं तरी भाऊ होता. मग डोळे पुसून भिकूला हाक मारली आणि कोयता उचलून आईसमोर धरला.

“घे. दादा खाडीत असा, बरो असा. आता घाल घाव.”

आईनं कोयत्याकडे बघितलं आणि मान हलवली. “नाय.”

मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. “आये, दादा सुखरूप असा!”

“ऐकलंय मी.”

“मगे?”

“मगे काय? तरी नाय.”

माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. मरणारा म्हातारा तुझ्या डोक्यावर बसेल, असलंही काहीतरी बोलले. भिकूनं तोंड फिरवलं. आईनं माझं मनगट धरलं आणि मला ओढतच गोठ्यात नेलं, आडव्या निजवलेल्या रोपांमध्ये. दार लोटलं. आणि मग एकदम खालच्या आवाजात, चोरी कबूल करावी तसं म्हणाली:

“तो बाबलचो माड नाय.”

“म्हणजे?”

“बाबलचो माड तू झालंस त्या पावसात मेलो. भुंग्यान मधलो कोंब, पोंगो, खाल्ल्यान. पान वडलंय तर हातात इला.” ती माझ्याकडे बघत नव्हती, पिशव्यांकडे बघून बोलत होती. “तुझो बापूस मुंबैक. सासूक धड दिसा नाय. पण तिका कळला असता तर माका जित्या ठेवची नाय. पयल्या झिलाचो माड मेलो, म्हणजे झिल मरतलो. बाबल तीन वर्सांचो. मी घाबरलंय.”

“मगे काय केलंस?”

“तू बारा दिसांची होतंस. तुका पाटकुळी बांधलंय, भर पावसात गेलंय, त्याच खड्ड्यात दुसरां रोप लावलंय. सगळ्यांका सांगलंय, बकरीन खाल्ल्यान म्हणून माड खुंटलो. कोणी इचारूक नाय.”

बाहेर वाऱ्यानं गोठ्याचा पत्रा एकदा उचलला आणि आपटला.

“बाबलची नाळ पयल्या रोपाबरोबर कुसान गेली होती,” आई म्हणाली. “नव्याक नाळ नको? माझ्याकडे एकच होती. तुझी.”

मग ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर मी तेव्हापर्यंत कधी न बघितलेली भीती होती, आणि ती माझ्यासाठी होती. “तू तेका खिळो ठोकलंस, त्याच सांजेक तुका ताप इलो. मी काय समजू? तुझो संसार मोडलो तेवा मी पयला माडाक बघूक गेलंय. तेच्या फुडल्याच वर्सा कलूक लागलो तो. आता माका सांगतंस, कोयतो घाल. कसो घालू गो मी कोयतो?”

चौतीस वर्षं. चौतीस वर्षं तो माझा होता, आणि मी त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. आयुष्यभर वाटत राहिलं की आपल्या नावाचं ह्या मातीत काही नाही, आणि ते चौकात उभं असल्यासारखं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उभं होतं. मला आईच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं, आणि तिला गदागदा हलवून, आधी का नाही सांगितलंस, असंही विचारायचं होतं. दोन्हीला वेळ नव्हता. पत्रा पुन्हा आपटला.

“आये,” मी म्हटलं, “माझो माड असा?”

“तुझो.”

“मगे माझा ऐक. माझ्या माडान माणूस मारूक नको.”

“आणि तुका काय झाला तर?”

“होऊ दे. पण काकी गडग्याआड उभी रवान गप रवली, तसा माका जन्मभर गप रवाक जमाचा नाय.”

आईनं पदर खोचला आणि दार उघडलं.

माडाशी आल्यावर तिनं कोयता घेतला, पण तिचा हात उचलेना. म्हणून मी तिच्या हातावर माझा हात ठेवला. मनगट तिचं, जोर माझा. घाव बसला तो माझ्या छातीच्या उंचीवर, जुन्या खिळ्याच्या भोकाच्या वीतभर वर. भोक अजून होतं, कडेनं पिवळट. आईनं लगेच ते बोटानं दाबून धरलं. भिकूनं माडाला नमस्कार केला, मग मला विचारलं, “रडतंस कित्याक? बाबलाक काय होऊचा नाय.” मी म्हटलं, “चढ तू.”

सव्वादहा झाले होते.

पुढच्या चार तासांबद्दल मला आजही धड बोलता येत नाही. भिकूनं आधी अर्ध्यावर चढून दोन दोर खोडाला बांधले आणि आमच्या फणसाला ताणले. मग वर गेला. तो जसजसा वर जात होता तसतशी बुंध्याची भेग उघडत होती आणि मी खाली बसून तिच्यात चिऱ्यांचे तुकडे ठोकत होते, जणू त्यानं काही होणार होतं. त्यानं शेंडा तोडला. आतला पांढरा कोंब, माडाचा जीव असतो तो, दोराला लटकत आमच्या खळ्यात उतरला तेव्हा आईनं डोळे मिटून घेतले आणि दुसऱ्याच क्षणी उघडून माझ्याकडे बघितलं. मी उभी होते. मी शिंकलेही नव्हते.

मग तुकड्यामागून तुकडा. तो वर करवतीनं कापायचा, मी आणि नातालीनकाकी खालून दोर ओढून तुकडा आमच्या बाजूला पाडायचो. हो, काकी गडगा चढून आली होती. सत्तरीची बाई, झगा खोचून. वारा आता एकसारखा झाला होता, मध्ये दम घेत नव्हता. दोनदा मी भिकूला खाली बोलावलं, दोनदा त्यानं मला वरून शिवी दिली. एकदा सगळाच्या सगळा माड पलीकडे गेला, दोर कचकचला, फणस मुळापर्यंत हलला, आणि भिकू दोन्ही पाय सुटून हातांवर लोंबकळला. काकीनं क्रूस केला. आई माडाच्या बुंध्याला मिठी मारून बसली, दोन्ही हातांनी. पन्नास किलोची बाई माड धरून ठेवणार होती! पण मी तिला उठवलं नाही.

सव्वादोनला भिकू उतरला. पुरुषभर उंचीचं खोड शिल्लक राहिलं होतं. “ह्या रवांदे,” तो म्हणाला. त्याला कमरेची आकडी सुटेना. ती आईनं सोडली.

वादळ सहाच्या सुमाराला आलं. वारा फिरला तेव्हा ते उरलेलं खोड मुळांसकट उपटून पलीकडे पडलं. सकाळी बघितलं तर गडग्यावर आडवं होतं, आणि त्याचं टोक पास्कूकाकांच्या भिंतीपासून दोन हातांवर. मी तिथं उभी राहून वरची गेलेली उंची मनात मोजली. चाळीस फूट तरी. काका आत खाटेवर पाय टांगून पेज पीत होते आणि पेजेत मीठ नाही म्हणून काकीवर ओरडत होते. ते ओरडणं मला किती गोड लागलं म्हणून सांगू!

आई वादळभर माझं मनगट धरून बसली होती. सोडलं तेव्हा तिच्या बोटांचे वळ उठले होते. त्यानंतर ती पाच वर्षं जगली, आणि मी साधी शिंकले तरी हातातलं काम टाकून येऊन माझ्या कपाळाला हात लावायची. आज तिला जाऊन सहा वर्षं झाली. शिंक आली की मी अजून दाराकडे बघते. समुद्राकडे मी निजवून वाचवलेल्या फुटव्यांचा केवडा आता डोक्यापर्यंत आलाय, आणि त्याच्या आडून समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

दादा वादळानंतर तिसऱ्या दिवशी आला. रस्ते बंद होते म्हणून शेवटचे सात किलोमीटर चालत आला. आम्ही सुपारीची पडलेली कोवळी झाडं उभी करून टेकू देत होतो, खारं वारं लागलेल्या पानांवर विहिरीचं गोडं पाणी मारत होतो. भिकू होता, काकी होती. आईनं धावत जाऊन दादाला पोटाशी धरलं. तिच्या खांद्यावरून त्याला मोकळं आभाळ दिसलं असावं. त्यानं आईला बाजूला केलं आणि खळ्यातल्या तुकड्यांपाशी गेला. त्याचा चेहरा उतरला.

“माझो माड,” तो म्हणाला. “कोणी तोडलो?”

मला त्याची दया आली, पण केवडा उपटलेली ती सकाळही आठवली.

“मी,” मी म्हटलं.

“कोणाक इचारून?”

“माझो माड तोडूक मी कोणाक इचारू?”

मी टोमणा मारतेय असं वाटलं असणार त्याला. मग, जन्मभर वळत आला तसा, तो आईकडे वळला. “आये, बघ, ही काय बोलता ती!”

आई हातातला टेकू धरून उभी होती. भिकू बघत होता, काकी बघत होती. चौतीस वर्षं पोटात ठेवलेलं ती ह्या सगळ्यांसमोर बोलेल, असं मला वाटलं नव्हतं.

“बरोबर बोलता ती,” आई म्हणाली. “तिचोच तो.”

त्या घरातल्या एखाद्या गोष्टीला ‘तिची’ म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि ती गोष्ट माझ्या पायाशी तुकडे होऊन पडली होती.